फळ्यापासून सत्तावीस फूट

“पवनचक्की,” असं म्हणून पतंगे सरांनी माझ्या नावापुढं ते लिहूनही टाकलं.

मी उभीच राहिले.

“दुधाटे, बस. पुढचा कोण?”

“सर, पवनचक्की गेल्या वर्षीपण होती. त्याच्या आदल्या वर्षीपण.”

“मग? वारा यायचा बंद झालाय का?”

वर्ग हसला. पतंगे सर आमचे वर्गशिक्षक. विज्ञानही तेच शिकवायचे, आणि नववी ‘अ’ला कसं हसवायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तीन मॉडेलं होती, ज्वालामुखी, धरण आणि पवनचक्की. दर वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाआधी त्यांना रंगाचा एकेक हात बसायचा, खालच्या पाटीवरचं नाव बदलायचं आणि ती टेम्पोत बसून तालुक्याला जाऊन यायची. पवनचक्की तर माझ्याआधी पाच वर्षं या शाळेत होती. तिला खरं तर एव्हाना दहावी पास करून बाहेर काढायला हवं होतं.

“यंदाच्या पत्रकात लिहिलंय सर, मॉडेल नको, प्रश्न पाहिजे. प्रयोग करून तपासता येईल असा.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “बरं. काय प्रश्न आहे तुझा?”

मी काही ठरवून उठले नव्हते. आठ दिवस डोक्यात जे खदखदत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

“मागच्या बाकावरची मुलं ढ कामून असतात?”

“उलटं झालं ते. मुलं ढ असतात म्हणून मागच्या बाकावर असतात. झाला बघ तुझा प्रकल्प. बस खाली.”

वर्ग आणखी जोरात हसला. मी मागं वळून बघितलं. शेवटच्या बाकावर सत्यशीलाही हसत होती. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सत्यशीला गव्हाणे माझी आतेबहीण. धानोऱ्यात शाळा सातवीपर्यंतच होती. सातवीला ती वर्गात पहिली आली, म्हणून माझ्या वडिलांनी, नानांनी, तिला आठवीला आमच्या घरी आणून ठेवलं. तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती. ती त्यांना अण्णा म्हणायची, मी मामा. मामांनी पोरीला सोडताना एकच अट घातली होती. शिकतीय तोवर शिकू द्या, नापास झाली की परत नेणार.

पतंगे सरांच्या वर्गात नंबरानं बसायचं असे. निकाल लागला की सगळ्यांनी दप्तरं घेऊन भिंतीला उभं राहायचं, सर यादी वाचायचे, आणि पहिला नंबर पहिल्या बाकावर, शेवटचा शेवटच्या, असा वर्ग भरत जायचा. शीला आठवीत उशिरा आली म्हणून मागं बसली, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून मागं राहिली, आणि पुढच्या दीड वर्षात तिथून हललीच नाही. मी दुसऱ्या नंबराची, पहिल्या बाकावर. दिवाळीपर्यंत मला या पद्धतीत काही वावगं दिसलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

दिवाळीनंतर सहामाहीचा निकाल लागला आणि सरांनी सात नावं वाचली. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा, फाटकावर तशी पाटीच होती. तो शंभर टक्के कसा लागतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. नववीतली कच्ची मुलं हेरायची, त्यांच्या पालकांना बोलवायचं आणि सांगायचं, हा वार्षिकला नापास होणारच आहे, त्यापेक्षा दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा. बाहेरून बसलेला नापास झाला तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. त्या सात नावांत पाचवं नाव शीलाचं होतं. “प्रदर्शनाची गडबड संपली की तुमच्या पालकांना बोलवतो,” सर त्या सातजणांना म्हणाले होते.

“हसलीस कामून?” घरी जाताना मी तिला विचारलं.

“सगळे हसले म्हणून.”

“तुला ढ म्हणाले ते.”

“मग आहेच की मी. तूच म्हणतीस ना फुकटी.”

म्हणायची मी. रोज संध्याकाळी ती माझी वही घेऊन फळ्यावरचं सगळं त्यातून उतरवून घ्यायची आणि मी तिला म्हणायची, वर्गात काय झोपा काढतीस का, फुकटी कुठली. ती हसून वही पुढं ओढायची.

“तुला दाखला देऊन घरी पाठवणारेत, कळतंय का?”

“कळतंय. तू चिडून काय होणार? तुझ्या नाकावर माशी बसत नाही, राग तेवढा बसतो.”

मी तिला मागं टाकून झपझप घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत नाईकवाडे बाईंकडं गेले. बाई त्या वर्षीच शिक्षणसेवक म्हणून लागल्या होत्या. तीन वर्षं नीट गेली तर कायम, नाहीतर घरी. त्यामुळं पतंगे सर खोलीत आले की त्या खुर्चीच्या टोकावर सरकून बसायच्या. पण पत्रक वाचून ते सूचनाफलकावर लावलं होतं ते त्यांनीच.

“तुझा प्रश्न ऐकला मी,” त्या म्हणाल्या. “सगळ्या शाळेनं ऐकला. त्यात खोट कुठंय माहितीय?”

“खोट सरांच्यात आहे.”

“प्रश्नाबद्दल बोलू. एक म्हणजे ‘का’. आणि दुसरं ‘ढ’. ढ मोजायची पट्टी दाखव मला.”

“सहामाहीचे मार्क.”

“ते मार्क झाले. पोरगं ढ आहे की परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलं होतं, ते मार्कांत दिसत नाही. दुसरा लिही.”

मी रागारागानं लिहिलं, ‘पतंगे सर मागच्या मुलांवर अन्याय करतात का?’ बाईंनी आधी दाराकडं बघितलं, मग ते पान फाडलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं.

“हे माणसांना विचारायचं असतं. फूटपट्टीला नाही विचारता येत. तिसरा.”

तिसरा होता, ‘मागच्या बाकावरून फळा दिसतो का?’

“फळा तर रस्त्यावरूनही दिसतो.”

“फळ्यावरचं वाचता येतं का, असं म्हणायचंय मला.”

“असं म्हण मग. वाचता येतं, पण कुणाला? केवढं अक्षर? दारं-खिडक्या उघड्या असताना की बंद?”

मला वाटलं, बाई मुद्दाम छळतायत. मी एक शब्द लिहायची आणि त्या त्याला धरून बसायच्या. सुट्टी संपायची घंटा झाली तेव्हा वहीत आठ प्रश्न खोडलेले होते आणि नववा उरला होता. ‘पतंगे सर लिहितात तेवढं अक्षर फळ्यापासून किती फुटांवरून वाचता येतं?’

मी तो दोनदा वाचला. त्यात शीला नव्हती, यादी नव्हती, दाखला नव्हता. मला जे म्हणायचं होतं त्यातलं काहीच नव्हतं.

“यात काही दमच नाही बाई.”

“दम तुझ्यात आहे तेवढा पुरे. प्रश्न थंड असलेला बरा. आता उत्तर लिही.”

“प्रयोग कुठं केलाय अजून?”

“म्हणूनच आत्ता लिहायचं. तुला काय वाटतं ते लिहून खाली तारीख टाक. मागाहून बदलायचं नाही.”

मी लिहिलं, ‘शेवटच्या बाकावरून कुणालाच वाचता येणार नाही.’ खाली दोन रेघा ओढल्या. मला तेच उत्तर हवं होतं. मागं बसवलं म्हणून मुलं मागं पडली, आणि बसवलं कुणी, तर पतंगे सरांनी. एवढं सरळ.

अक्षर मोजायला मी नानांच्या सायकलच्या दुकानातला टेप नेला. सुट्टीत फळ्याशी उभी होते तर सर दारातून म्हणाले, “काय मोजतीस?”

“तुमचं अक्षर.”

“हां. नाचता येईना, अंगण वाकडं.”

अक्षर बरोबर दीड इंच निघालं. पहिलं बाक फळ्यापासून सहा फुटांवर, शेवटचं सत्तावीस.

एकोणतीस नोव्हेंबरला शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही वर्गातल्या सेहेचाळीस मुलांना थांबवून घेतलं. प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मिळेल असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून थांबली. बाईंनी फळ्यावर आठ अक्षरं लिहिली, घ ध भ म थ य प ष. दर मुलामागं त्यांचा क्रम बदलायचा. शब्द नाहीत, अर्थ नाही, म्हणजे अंदाजानं कुणी वाचू नये. एकेकानं आत यायचं, सत्तावीस फुटांवर उभं राहायचं. आठातली सात बरोबर आली तर तेवढं अंतर लिहायचं, नाही आली तर त्याला एक बाक पुढं आणायचं.

पहिला मोईन आला. शेवटच्या बाकावरचाच, सातांतला एक. त्यानं सत्तावीस फुटांवरून आठही अक्षरं धडाधड वाचली.

“अंदाजानं बोलायलास का?” मी विचारलं.

“दिसायलंय ना समोर.”

दुसऱ्यानं वाचली. तिसऱ्यानं सात वाचली. मला त्या पोरांचा राग यायला लागला. त्यांच्यासाठीच तर मी हे सगळं करत होते आणि ती माझ्या दोन रेघा ओढलेल्या उत्तरावर पाणी ओतत होती. दहाव्या मुलानंतर मी खडू घेतला आणि पुसलेल्या जागी जरा बारीक अक्षरं काढायला लागले. बाईंनी माझं मनगट धरलं.

“उत्तर मनासारखं येईना म्हणून अक्षर बारीक करतीस?”

“तुमचं मोठं झालंय.”

त्यांनी टेप लावून दाखवला. दीड इंच. मी खडू ठेवून दिला.

शीला मधेच कुठंतरी आली. सत्तावीस फुटांवर उभी राहिली, हसली आणि म्हणाली, “नाही येत.” चोवीसला नाही. एकवीसला नाही. ती बाकं ओलांडत पुढं यायला लागली तशी माझी पेन्सिल थांबली. बारा फुटांवर तिनं एकच अक्षर बरोबर सांगितलं. नऊ फुटांवर म्हणाली, “भ. नाही, म. नाही गं, थांब.” पहिल्या बाकाशी, म्हणजे जिथं मी रोज बसायची तिथं, उभं राहून तिनं सात अक्षरं वाचली.

“तुला दिसत नाही?” मी विचारलं.

“दिसतं की.”

“मग मागून का नाही वाचलंस?”

“मागून असंच दिसतं ना. पांढरं पांढरं.” तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं. “तुम्हाला नाही का दिसत तसं?”

बाई म्हणाल्या, “नाही.”

“मला वाटायचं सगळ्यांना पांढरंच दिसतं आणि हुशार मुलं ओळखतात. मला ओळखता येत नाही.”

गावच्या शाळेत सात वर्गांना मिळून दोन खोल्या होत्या आणि पोरं फळ्याला नाक लावून जमिनीवर बसायची. तिथं ती पहिली आली होती. बाई खुर्चीवर नीट मागं टेकून बसल्या, बऱ्याच दिवसांनी. मी कागदावर ‘सहा’ लिहिलं.

शेवटी हिशेब असा निघाला. सेहेचाळीसांतल्या अडतीस जणांनी शेवटच्या बाकावरून वाचलं होतं. आठ जणांना जमलं नाही. आणि सरांच्या यादीतल्या सातांपैकी पाच त्या आठांत होते. माझं उत्तर साफ चुकलं होतं. बाकाचा दोष नव्हता, डोळ्यांचा होता, आणि डोळे कुणी तपासलेच नव्हते.

दीड वर्षं शीला माझ्या शेजारी अंथरूण टाकून झोपत होती. माझ्याच वहीतून फळा उतरवून घेत होती. मी आधी स्वतःवर चिडायला हवं होतं. पण राग काढायला पतंगे सर जास्त सोयीचे होते.

“सोमवारी हे हेडमास्तरांना दाखवू,” बाई म्हणाल्या. “पतंगे सरांनाही.”

“नाही बाई. सर फाडून टाकतील.”

“मग काय करायचं म्हणतीस?”

“आठ तारखेला प्रदर्शन आहे. तिथं परीक्षक असतील, तालुक्याचे साहेब असतील, सगळ्या शाळांचे सर असतील. तिथं मी वाचून दाखवते. यादीतली सात, त्यातली पाच. पतंगे सर पवनचक्कीपाशी उभे असतील ना? ऐकू देत त्यांना सगळ्यांच्या देखत.”

“आणि शीलाचं काय तोवर?”

“सरच म्हणालेत ना, प्रदर्शन झाल्यावर पालकांना बोलवणार. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे.”

बाईंनी दाराकडं बघितलं. त्यांना पतंगे सरांची भीती वाटते हे मला माहीत होतं आणि त्या भीतीचा मी उपयोग करून घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बरा नव्हता.

घरी जाताना मी शीलाला बजावलं.

“नानांना सांगायचं नाही?”

“नानांना सांगितलं की नाना शाळेत जातील, मग सरांना कळेल. प्रदर्शनापर्यंत गप बस. कुणी विचारलं तरी एक शब्द बोलू नको.”

“आईला कार्ड लिहू का? डोळ्याचं फक्त?”

“कुणालाच नाही म्हणलं ना.”

“बरं,” शीला म्हणाली.

मी तक्ता करायला घेतला. आठ मुलांच्या नावांऐवजी आकडे घालायचे असं बाईंनी सांगितलं होतं, तसे घातले. पण बोलायचं काय ते माझं मी लिहिलं. सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायची, ‘आमच्या शाळेत डोळ्यांचा दोष असलेल्या मुलांना ढ म्हणून घरी पाठवतात.’ म्हणताना मला पतंगे सरांचा चेहरा दिसायचा, पांढराफटक पडलेला. तो चेहरा बघायची मला इतकी घाई झाली होती की दुसरं काही सुचत नव्हतं.

पाच तारखेला निरोप आला. प्रदर्शन पुढं ढकललं, आता बावीस तारखेला. कुठल्या तरी निवडणुकीसाठी तालुक्याच्या शाळेचा हॉल घेतला होता. बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. “उज्ज्वला, आता तरी दाखवू.” मी म्हणाले, “चौदा दिवसांनी काय फरक पडतो?” खरं सांगायचं तर मी खूश झाले होते. तक्ता नीट रंगवायला वेळ मिळाला म्हणून.

सर प्रदर्शनासाठी थांबले नाहीत. त्यांनी पालकांना कार्डं टाकली.

अकरा तारखेला, गुरुवारी, शीला पोटात दुखतंय म्हणून दुपारीच घरी गेली असं मला वर्गात कुणीतरी सांगितलं, आणि मला ते खरं वाटलं. मी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तक्त्यावरची अक्षरं गिरवत बसले. पाच वाजता घरी आले तर तिची ट्रंक जागेवर नव्हती.

“मामा आले होते बाजाराला,” आई म्हणाली. “सरांनी कार्ड टाकून बोलवलं होतं म्हणे. दाखला काढला तिचा. चारच्या गाडीनं गेले. तुझे नाना लई बोलले, पण ऐकतंय कोण.”

“आणि शीला?”

“ती काय बोलणार? गप उभी होती.”

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता गुंडाळून थेट शिक्षकांच्या खोलीत गेले. पतंगे सर एकटेच बसले होते. मी तक्ता त्यांच्या पुढ्यात उलगडला आणि आकड्यांशेजारी पेन्सिलीनं नावं लिहिली, एक ते आठ. मला खूप बोलायचं होतं. दहा दिवस पाठ केलेलं सगळं बोलायचं होतं.

सरांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. बराच वेळ लावला.

“गव्हाणे. सहा फूट.”

“हो.”

“अक्षर माझं?”

“तुमच्याएवढं. दीड इंच.”

त्यांचं बोट खाली सरकलं, जिथं बाईंनी मला तारीख टाकायला लावली होती.

“एकोणतीस नोव्हेंबर,” सर म्हणाले. “काल अकरा डिसेंबर होती. बारा दिवस हे कुठं होतं?”

“तुम्ही फाडून टाकलं असतं.”

“टाकलं असतं किंवा नसतं टाकलं. तू दिलंच नाहीस, तर ते तुला कळणार कसं? आणि मला तरी?”

हा माणूस ओरडेल, तक्ता भिरकावेल, हेडमास्तरांकडं ओढत नेईल, या सगळ्याची मी तयारी करून आले होते. त्यांनी नुसती टोपी काढून टेबलावर ठेवली.

“दाखला परत घेता येतो,” ते म्हणाले. “मी हेडमास्तरांशी बोलतो. तिच्या वडिलांना घेऊन या.”

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. वर्षभर वाईट वागलेल्या माणसानं नेमकं त्याच दिवशी चांगलं वागायला नको होतं. सोमवारपासून त्यांनी तक्त्यावरच्या आठांपैकी उरलेल्या सात जणांना, कारण न सांगता, पहिल्या दोन बाकांवर आणून बसवलं. यादी केली होती ती त्यांनीच, हे मी बावीस वर्षांत विसरलेले नाही, आणि विसरायचं काही कारणही नाही. बावीस तारखेला मी प्रदर्शनाला गेले नाही. पवनचक्की गेली आणि तिसरा नंबर घेऊन आली.

पण त्याआधी, त्याच रविवारी, नाना आणि मी धानोऱ्याला गेलो. मामा गिरणीत होते. गिरणी बंद करून ते ओट्यावर येऊन बसले, अंगावर पीठ तसंच. नानांनी सगळं समजावून सांगितलं.

“दाजी, मास्तर स्वतः बोलवायलेत. दाखला परत घेतो म्हणतेत.”

“तवा बी त्येनीच बोलवलं होतं की,” मामा म्हणाले. “तीन घंटे व्हरांड्यात उभं केलं मला. येणारं जाणारं पोरगं बघायलं. आत गेलो तर म्हनले, पोरीच्या डोक्यात शिरत नाही, त्यात तुमचा दोष नाही. म्हंजी माझ्या पोरीला ढ म्हनायचं आन् वरून मला माफ बी करायचं.”

“पण आता कळलंय ना, डोळ्याचं हाय म्हणून.”

“परवा ढ, आज आंधळी. आता तिसरं काय म्हनायचं ऱ्हायलंय? नाना, तुमच्या शब्दावर पोरगी धाडली होती. त्या शाळेची पायरी मी पुन्हा चढनार नाही, आन् तिला बी चढू देनार नाही.”

आत्या दारात उभी राहून पदर तोंडाला लावून ऐकत होती. नाना आणखी दोन तास बसले. मामा बधले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीच नाही. जानेवारीत नानांनी शीलाला चष्मा करून दिला, उणे साडेचारचा. शाळेत मात्र ती पुन्हा गेली नाही.

परतीच्या गाडीला आम्हाला सोडायला शीला फाट्यापर्यंत आली. नाना पुढं जाऊन गाडीची चौकशी करत होते. आम्ही दोघी बाभळीखाली उभ्या होतो. ती नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत होती, शेळीला दोन पिल्लं झाली, गिरणीचा पट्टा तुटला होता. मला ते ऐकवेना. मामांवर चिडून झालं होतं, सरांवर चिडून झालं होतं. आता समोर तीच होती.

“तू तरी तोंड उघडायचं होतंस,” मी म्हणाले. “तिथं, सरांसमोर. मामा सही करत होते आणि तू नुसती उभी राहिलीस? दगड आहेस का तू?”

शीला डोळे बारीक करून गाडीच्या वाटेकडं बघत होती.

“सरांनी विचारलं होतं मला,” ती म्हणाली. “अण्णांनी पेन हातात घेतलं तेव्हा. म्हणाले, गव्हाणे, काही अडचण असली तर आत्ता सांग, कागद बाजूला ठेवतो. अण्णा पण थांबले होते.”

“मग?”

“काही नाही म्हणाले मी. तू प्रदर्शनापर्यंत गप बस म्हणाली होतीस ना.”